बालेवाडीहून दाजीपूरला

मराठीच्या प्राध्यापकाचा बंदुकीशी संबंध पोवाड्यापुरता असावा, अशी चाळिशी उलटेपर्यंत माझी समजूत होती. वर्गात मी पुष्कळ तोफा डागल्या असतील. पण खरा बार ऐकला की माझे हात आपोआप कानांवर जातात. असे असूनही गेली दोन वर्षे माझ्या तोंडी नळी, चाप, पल्ला, काडतूस असले शब्द येऊ लागले आहेत, आणि स्टाफरूममधले मित्र मला येताना पाहून दोन्ही हात वर करतात.

याला कारण आमची कन्या. ती सतरा वर्षांची आहे आणि कोल्हापूरची आहे, एवढे सांगितले की पुरे. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने 2013 साली चांगवॉनच्या विश्वचषकात पिस्तुलाचे सुवर्ण मिळवले; तेव्हापासून कोल्हापुरात मुलीने बंदूक हाती घेतली तर शेजारीपाजारी आश्चर्य करीत नाहीत, गुण किती पडले ते विचारतात. आमच्या घराण्यात बंदूक होती, नाही असे नाही. पण ती आजोबांची, राधानगरीच्या वाटेवरच्या आमच्या गावी, रानडुकरांसाठी. ती बंदूक आणि ही बंदूक यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. या दिवाळीच्या सुटीत चार दिवसांच्या प्रवासात तो संबंध कळला, आणि तो कळायला थोडी किंमतही मोजावी लागली.

प्रवासाची सुरुवात पुण्याजवळच्या बालेवाडीला झाली. तिथली क्रीडानगरी 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारली गेली. नेमबाजीच्या मैदानात प्रथम गेलो तेव्हा मला वाटले होते, रणधुमाळी असेल. प्रत्यक्षात लग्नाच्या हॉलमध्ये जेवणापूर्वी असते तेवढीसुद्धा गडबड नव्हती. पुढे छपराखाली एका ओळीत मुले-मुली पालथी पडलेली. अंगात घोड्याच्या खोगिरासारखे जाड जाकीट. समोर 50 मीटरवर लक्ष्ये, आणि मधल्या मोकळ्या जागेत वारा सांगणाऱ्या लहानशा पताका. कुणी ओरडत नाही. अधूनमधून टप्, टप्, असा आवाज. पावसाळ्यात पत्र्यावर जांभळे पडावीत तसा. हाच तो बंदुकीचा बार! मी कानांवर नेलेले हात ओशाळून खाली घेतले.

या बंदुकीत जे काडतूस घालतात ते माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढे आहे. पॉइंट टूटू लाँग रायफल हे त्याचे नाव. 1887 सालापासून ते चालत आले आहे. गोळी शिशाची, वजन 40 ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर. पन्नास मीटरच्या स्पर्धेत याच्याशिवाय दुसरे काडतूस चालत नाही. आणि समोरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे जे वर्तुळ आहे त्याचा व्यास 10.4 मिलिमीटर. शर्टाचे बटण साधारण एवढेच असते. असे साठ वेळा त्या बटणाला गाठायचे, आणि त्यातही मध्यापासून किती केसभर दूर लागले त्यावर दशांशाने गुण. नुसते लागून भागत नाही.

कन्येचे सरावात 612 च्या आसपास गुण पडत होते. त्या दिवशी पडले 603.8. निवडीची रेषा दोन गुणांनी हुकली. ती जाकिटाचे पट्टे सोडत बसली, माझ्याकडे न पाहता. तिचे प्रशिक्षक मात्र माझ्याकडे आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “सर, काडतूस बदललंत का?”

बदलले होते. आता लपवण्यात अर्थ नाही. सरावाचा साठा संपला होता, आणि नवे घ्यायला गेलो तेव्हा त्याच काडतुसाची एक पायरी खालची प्रत बऱ्याच कमी पैशांत मिळत होती. एका काडतुसाला चहाच्या कपाहून अधिक मोजावे लागतात. साठ नेमाचे, वर आधीच्या चाचणीचे, वर रोजच्या सरावाचे. मी हिशेब केला. डबा त्याच रंगाचा, गोळी तेवढीच, वजन तेवढेच. गोळी ती गोळी, असे म्हणून मी डबे घेतले आणि स्वतःच्या व्यवहारचातुर्यावर खूष झालो. मुलीने एकदा “बाबा, हे ते नाहीत,” असे म्हटले होते. मी म्हटले होते, “नाचता येईना, अंगण वाकडे.” म्हणी शिकवणाऱ्या माणसाने म्हणी जपून वापराव्यात.

प्रशिक्षक भले गृहस्थ. त्यांनी मला दोष दिला नाही, समजावून सांगितले, आणि त्यांनी जे सांगितले ते मला एखाद्या चांगल्या व्याख्यानासारखे वाटले. एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर घडलेल्या काडतुसांचा प्रत्येक घाणा निराळा निघतो. दारूत तसूभर फरक, गोळीला लावलेल्या मेणात फरक, काठातल्या स्फोटक मसाल्यात फरक. कारखानदार प्रत्येक घाणा उडवून पाहतात, आणि ज्याच्या गोळ्या एकमेकींना चिकटून पडतात त्याला वरची प्रत म्हणतात. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे 330 मीटर. एका काडतुसात तो दहा मीटरांनी कमी पडला, तर गोळी 50 मीटरवर सुमारे सात मिलिमीटर खाली उतरते. सात मिलिमीटर! बटणाचा मध्य ते काठ हे अंतर पाचच मिलिमीटर आहे. म्हणजे मुलीने श्वास रोखला, नेम बरोबर धरला, चाप रेशमासारखा ओढला, तरी गोळी दहाच्या मध्यावरून घसरणार. आणि चूक कुणाची, हे तिला कळणारसुद्धा नाही. पुढच्या नेमाला ती नसलेली चूक दुरुस्त करायला जाणार.

मी विचारले, “मग अधिक जोराचं काडतूस का घेत नाहीत? वेग जास्त, म्हणजे वारा कमी लागेल.”

ते हसले. हा प्रश्न बहुधा प्रत्येक बाप विचारीत असावा. या लहान गोळीच्या बाबतीत उलटे आहे. जोराचे काडतूस ध्वनीपेक्षा वेगाने निघते आणि वाटेत त्याचा वेग ध्वनीच्या वेगाखाली उतरतो. तो उंबरठा ओलांडताना गोळी हेलकावते, आणि वाऱ्याने तिचे बाजूला सरकणे मंद गोळीहून जास्तच असते. म्हणून नेमबाज मुद्दाम मंद काडतूस निवडतो. त्याला गोळीने काही फोडायचे नाही. कागदच तर आहे. त्याला एवढेच हवे की साठावी गोळी पहिलीसारखी असावी.

“आणि सर,” ते म्हणाले, “वरची प्रत घेतली म्हणून संपत नाही. ते त्या नळीला मानवलं पाहिजे.”

हा ‘मानवणे’ शब्द मला फार आवडला. एखाद्याला कोकणचे पाणी मानवत नाही, तसे एखाद्या नळीला उत्तमातले उत्तम काडतूस मानवत नाही, आणि शेजारच्या नळीला तेच मानवते. का, याचे उत्तर नळी उडवून पाहिल्यावरच मिळते. म्हणून मोठे नेमबाज आपली बंदूक घेऊन कारखान्यापर्यंत जातात. लापुआवाल्यांचे जर्मनीत शोनेबेकला असे केंद्र आहे, इलीवाल्यांचे इंग्लंडात. तिथे नळी शिकंजात पक्की आवळतात, माणूस बाजूला काढतात, आणि एकेका घाण्याची काडतुसे उडवून कुठला घाणा या नळीला मानवतो ते पाहतात. मानवला की त्याच क्रमांकाचा साठा वर्षभराचा घेऊन ठेवतात. पूर्वी आजी लोणच्याच्या कैऱ्या एकाच झाडाच्या घेत असे, तसे.

पुणे ते कोल्हापूर गाडीत आम्ही तिघे फारसे बोललो नाही. खंबाटकीचा घाट गेला, साताऱ्याचा किल्ला गेला, कराडला चहा झाला. सौभाग्यवतींनी दोन-तीन वेळा हवापाण्याचा विषय काढून पाहिला. कन्या खिडकीबाहेर पाहत होती. तिच्या मुठीत काहीतरी होते, ते ती अंगठ्याने फिरवीत होती. मागाहून कळले, ती शेवटच्या नेमाची रिकामी पुंगळी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडे निघालो. रंकाळा मागे पडला की राधानगरीचा रस्ता उसातून जातो. हळदी, परिते, भोगावतीचा साखर कारखाना. दिवाळीच्या सुमाराला ऊस दोन पुरुष उंच उभा असतो आणि रस्ता म्हणजे हिरव्या भिंतींमधला बोळ होतो. याच तालुक्यात कांबळवाडी आहे. तिथल्या स्वप्नील कुसळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकले; अंतिम फेरीत गुण 451.4. या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. ज्या तालुक्याची ख्याती गव्यांची आणि शिकारीची, त्या तालुक्यातला मुलगा करंगळीएवढ्या मंद काडतुसावर जगाच्या व्यासपीठावर चढला, याचे मला त्या सकाळी विशेष वाटले. मागच्या सीटवर हे बोलून दाखवले. उत्तर आले नाही.

आमचे तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, आता पंचाहत्तरीला टेकले आहेत. आजोबांची दुनळी त्यांच्या नावावर आहे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निवडणूक झाली की आणायची, एवढाच तिचा प्रवास गेली कित्येक वर्षे चालू आहे. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप. परवाना आता परत करून टाकायचा त्यांनी ठरवले होते. त्यासाठीच ट्रंक बाहेर काढलेली होती.

त्या ट्रंकेतली काडतुसे पाहून कन्या दोन दिवसांत प्रथमच आपणहून बोलली. “केवढी ही!” ती म्हणाली. बारा बोअर म्हणजे काय, हे मी तिला मोठ्या ऐटीत सांगितले: एक रतल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. काडतूस हा शब्द पोर्तुगिजांचा. फोंडा घाट उतरून खाली कोकणात आणि पुढे गोव्याकडे गेले की त्याचे माहेर. हे ज्ञान कुणी मागितले नव्हते. तात्यांनी मात्र एकेक काडतूस हातात घेऊन तिला दाखवले. हे सहा नंबर, तित्तिराला. औंसात पावणेतीनशे दाणे. हे चार नंबर, सशाला, रानकोंबड्याला. हे एसजी, औंसात आठ दाणे. हे एलजी, औंसाला सहाच; डुकराला. आणि हे... त्यांनी तेलकट कागदाची पुडी सोडली. आत दोन काडतुसे होती, कागदी नळकांडीची. “ही गोळीची. एकच गोळी, अखंड.”

मी कौतुकाने म्हटले की बाराच बोअरची बंदूक, पण मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेम धरणारे खेळाडू काडतुसात सगळे छर्रे मिळून 24 ग्रॅमच घालतात, आणि दाणा 2.6 मिलिमीटरहून मोठा चालत नाही. दिवसाला शेकड्यांनी बार काढायचे, खांदा शाबूत राहिला पाहिजे. तीनशे मीटरवाल्यांनीसुद्धा पूर्वीची 7.62 ची लष्करी काडतुसे सोडून 6 मिलिमीटरची जवळ केली, कारण ती लाथ कमी मारतात. शिकाऱ्याला दिवसात एकच बार काढायचा असतो, म्हणून तो लाथ सोसतो.

“येकच,” तात्या म्हणाले. “पर त्यो येक नीट गेला पायजे.” मग माझ्याकडे वळून: “पोरगी गप का हाय?”

मी झालेली हकिकत सांगितली. काडतुसाची प्रत, हिशेब, सगळे. सौभाग्यवती माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनाही ते आताच कळत होते. तात्यांनी ती दोन काडतुसे तळहातावर घेतली आणि म्हणाले, “तुझ्या आज्यानंबी असंच केल्यालं. चौसष्ट साली. हीच दिवाळी.”

ही गोष्ट मी सत्तेचाळीस वर्षांत ऐकली नव्हती.

1964 ची दिवाळी. भाते कापायला आलेली आणि डुकरांनी खाचरे नांगरल्यासारखी केलेली. आजोबा माळ्यावर बसले. तात्या तेरा वर्षांचे, दिवटी धरायला बरोबर. दोन्ही नळ्यांत एलजी. गोळीची दोन काडतुसे होती, कोरडी, चांगली, पण महाग आणि मिळायला कठीण; ती एखाद्या मोठ्या जनावरासाठी राखून ठेवलेली. मध्यरात्री एकुलगा आला, जुना, सुळेवाला. पन्नास पावलांवर. एलजीचे काम तीस-पस्तीस पावलांपर्यंत. पुढे दाणे पांगतात आणि त्यांचा जोर सरतो, आणि म्हाताऱ्या डुकराच्या खांद्यावर तर ढालीसारखी कातडी असते. “आबांना ठावं हुतं,” तात्या म्हणाले. “गोळी घालाया पायजे हुती. त्यांनी पुडीला हातबी लावला, म्या बघितलं. मग म्हणालं, ऱ्हाऊ दे.”

बार लागला, पण डुक्कर पडले नाही. ते करवंदीच्या जाळीत शिरले. जखमी जनावर रानात सोडायचे नाही, हा नियम. सकाळी चौघे माग काढत गेले. जाळीतून ते सरळ पुढच्या माणसावर आले. आजोबांनी दुसरा बार हातभर अंतरावरून काढला, तोवर त्या माणसाची मांडी गुडघ्यापासून वर उकललेली होती. बैलगाडीत घालून राधानगरी, तिथून कोल्हापूर. जीव वाचला; पाय कायमचा आखडला.

“कोण होता तो?” मी विचारले, आणि विचारता विचारताच मला कळले.

माझ्या लहानपणी दिवाळीच्या पहिल्या पंगतीला एक लंगडणारे आजोबा येत. पहिले पान त्यांचे. आमचे आजोबा स्वतः वाढीत, आणि ते जेवून उठेपर्यंत स्वतः पाटावर बसत नसत. आम्हा पोरांना ते कुणी जवळचे नातलग वाटत. त्यांचे शेत आमच्या शेताआधी नांगरले जाई, हेही मला आठवते. मी चौथीत असताना ते वारले तेव्हा आजोबांनी मुंडण केले होते, आणि मी आईला विचारले होते की हे आपले कोण. आई म्हणाली होती, “आहेत.”

कन्या तात्यांच्या हातातल्या काडतुसांकडे पाहत होती. तिने विचारले, “मग ही दोन कधी वापरली?”

“न्हाई. आबा परत माळ्याव चढलंच न्हाईत.”

तिने एक काडतूस घेतले आणि तात्यांच्या संमतीने, दुनळी मोडून, नळीच्या तोंडाशी लावून पाहिले. ते आत जाईना. आमच्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा. साठ वर्षांत कागदी नळकांडी दमटपणाने फुगली होती. दुसरेही जाईना. तिने ती जशीच्या तशी कागदात गुंडाळली.

तिसऱ्या दिवशी पहाटे दाजीपूरला गेलो, तात्यांना घेऊन. राधानगरी धरणाचा जलाशय धुक्याखाली होता. त्यातले शाहू महाराजांचे बेनझीर व्हिला दिसले नाही. दाजीपूरचे जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान. 1958 साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. देशातली शिकार 1972 च्या कायद्याने बंद झाली. संस्थानिकांच्या काळी गव्यासारख्या हजार किलोंच्या धुडाला थ्री सेव्हन्टीफाइव्ह मॅग्नमसारखे काडतूस लागे. 1912 साली निघालेले. त्याच्या गोळीतला जोर आमच्या कन्येच्या गोळीच्या चाळीसपट. आणि काडतुसाची निवड सगळी शिकाऱ्याच्या हाती होती असेही नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रजांनी हिंदुस्थानात चारशे पन्नास बोअरला बंदी घातली, ती काडतुसे बंडखोरांच्या जुन्या लष्करी बंदुकांना उपयोगी पडतील म्हणून. तेव्हा लंडनच्या बंदूकवाल्यांनी खास इकडच्या शिकाऱ्यांसाठी चारशे पासष्ट, चारशे सत्तर अशी नवी मापे काढली. सामान्य माणसाच्या वाट्याला तर बारा बोअर, फार तर इशापूरची थ्री-वन-फाइव्ह. आवड ही परवान्यावर लिहून येत असे.

एका सड्यावर, उंच गवतात, गवे दिसले. पाच, एक मोठा काळा नर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. कन्या पालथी पडून नेम धरताना जशी स्तब्ध होते तशी झाली. मग पुटपुटली, “पन्नास मीटर.”

“साठ पावलं,” तात्यांनी दुरुस्त केले. दोघांचे अंतर जवळजवळ एकच होते. नराने मान उचलली, आमच्याकडे पाहिले आणि सावकाश पाठ फिरवली.

परतताना तिने मुठीतली पुंगळी तात्यांना दिली. त्यांनी ती डोळ्यांपाशी नेली, तोंडाला लावून फुंकली. बारीक शीळ वाजली. “आमच्या पुंगळीचा आवाज घोगरा असायचा,” ते म्हणाले, आणि ती खिशात टाकली.

प्रशिक्षकांशी माझे फोनवर बोलणे झाले आहे. चार घाण्यांची काडतुसे येणार आहेत, आणि पुढच्या रविवारी बालेवाडीला नळी शिकंजात आवळून ती उडवून पाहायची आहेत. त्यातला जो मानवेल त्याचा वर्षभराचा साठा घ्यायचा आहे. हिशेब मी केलेला नाही. तात्यांनी परवा दुनळी ठाण्यात जमा केली. कागदातली ती दोन काडतुसेही दिली. हवालदाराने ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि नोंदवहीत लिहिले: काडतुसे, बारा बोअर, नग दोन, निकामी.